तोंड तयार होणं

"काय खायची हो ती?"

हॉस्पिटलच्या बाकावर शेजारी बसलेल्या बाईनं हे विचारलं तेव्हा मी वस्सकन तिच्या अंगावर गेले. म्हटलं, "जेवायची! तुमच्याकडे जेवत नाहीत वाटतं?" बिचारी दुसरीकडे सरकून बसली. तिला तंबाखू म्हणायचं होतं, ते काय मला कळत नव्हतं? एकोणीस वर्षांची पोर, जिभेचा कॅन्सर, म्हणजे काहीतरी चघळत असणार आणि घरच्यांचं लक्ष नसणार, हे सगळं त्या एका प्रश्नात आलं. पुढे नात्यातल्यांनी विचारलं, ओळखीच्यांनी विचारलं, सुई टोचायला आलेल्यानंसुद्धा विचारलं. प्रत्येकाशी भांडायला कुठून दम आणू? म्हणून एकदाच काय ते सांगते. माझी भाची तोंडात खिळे ठेवायची.

आमचं सोफ्याच्या आणि खुर्च्यांच्या गाद्या करायचं दुकान आहे. दुकान माझ्या भावाचं, दादाचं. लाकडी सांगाड्यावर पट्टे ताणायचे, त्यावर स्पंज बसवायचा, वरून कापड ओढून खिळे मारायचे, हे त्याचं काम. कव्हरं मी शिवते. लांबट खोली, पुढे लोखंडी शटर, मागे छताला टेकलेले स्पंजाचे ठोकळे आणि खिडकीखाली माझं मशीन. चिकटवायच्या सोल्युशनचा वास अंगात असा मुरलाय की मी घरी गेले की मांजर शिंकतं.

तर खिळे. एका हातानं कापड ताणून धरायचं, दुसऱ्या हातात हातोडी. मग खिळा कोणी धरायचा? तोंडानं. चिमूट चिमूट करत बारीक काळे खिळे गालात भरायचे, जिभेनं एकेक फिरवून डोक्याकडून ओठांवर आणायचा, हातोडीच्या एका टोकाला लोहचुंबक असतं ते ओठांना लावायचं, खिळा चिकटला की कापडावर ठक्. परत ओठ, परत ठक्. नवीन माणसाला वाटतं, हा हातोडीचे मुके घेतोय की काय! आता हवेवर चालणाऱ्या पिनांच्या बंदुका सगळ्या दुकानांत आल्यात. दादा त्यांचं नाव काढलं तरी नाक मुरडायचा. पिन म्हणजे पाट्या टाकणं, म्हणायचा.

वहिनी गेली तेव्हा पोरगी चार वर्षांची होती. मी तेव्हापासून दादाकडेच आहे. पोरगी दुकानातच वाढली, स्पंजाच्या ढिगावर झोपायची, गिऱ्हाइकांच्या मोडक्या सोफ्यांच्या खाचांत हात घालून कंगवे नाहीतर किल्ल्या काढायची. एका जागी बसेल तर शपथ. म्हणून आम्ही सगळे तिला भिंगरी म्हणायचो. आणि तोंडाचा पट्टा तर विचारू नका. गिऱ्हाईक खुर्ची घेऊन दारात आलं की चहा यायच्या आत त्याच्या घरात माणसं किती, भांडणं कुणाची आणि ती खुर्ची कुणी बसून मोडली, हे सगळं भिंगरीला कळलेलं असायचं.

शाळा संपल्यावर म्हणाली, "बाबा, मी तुमचं काम शिकणार."

दादा म्हणाला, "बाईमाणसानं तोंडात खिळे धरलेले मी आजवर बघितले नाहीत."

"मग आता बघा," म्हणाली आणि डब्यातून चिमूटभर उचलून तोंडात टाकले. पहिल्याच दिवशी एक गिळला. दादाचा चेहरा पांढराफटक, मी किंचाळतेय आणि ही हसतेय! पुढे तो खिळा ज्या वाटेनं यायचा त्या वाटेनं आला. दादा म्हणाला, "दुकानाचा माल आहे तो, धुऊन डब्यात टाक." हा विनोद आम्हाला आठवडाभर पुरला.

वर्ष-दीड वर्षात हात असा बसला तिचा की दादाही थांबून बघायचा. गालात खिळे भरलेले असताना बोलायची ती. दादाला ते अजून जमत नाही. कोपऱ्यावरची चुणी ती अशी दाबायची की कापडाला कळायचं नाही आपण दुमडलोय. दादा तिच्यासमोर कधी बोलला नाही, माझ्याजवळ बोलायचा. म्हणायचा, "पोरीनं नाव काढलं गं."

आता हे समजून घ्या, नाहीतर दादाला उगाच बोल लावाल. या कामात सुरुवातीला सगळ्यांचंच तोंड सोलतं. खिळ्याची टोकं लागतात, गालाच्या आत चट्टे पडतात, मग तिथं घट्टा होतो. दादाच्या उजव्या गालात आतून असा घट्टा आहे, त्याच्या वस्तादालाही होता. आमच्यात त्याला तोंड तयार होणं म्हणतात. तोंड तयार झालं की माणूस कारागीर झाला. असं मानणारे आम्ही एकटे नाही, या धंद्यातले सगळेच तसं मानतात.

त्यामुळे भिंगरीच्या जिभेच्या डाव्या कडेला फोड आला तेव्हा कुणी घाबरलंच नाही. दुपारी काम थांबवून तिनं दादासमोर जीभ बाहेर काढली. दादानं तिला दिव्याखाली नेलं, हनुवटी धरली, डोळे बारीक करून बघितलं. कडेला पांढरा चट्टा, मधे लाल. आणि माझ्या भावाचा चेहरा असा फुलला!

"झालं!" म्हणाला. "तोंड तयार व्हायला लागलं पोरीचं."

शेजारच्या सुतारकाकांना हाक मारून दाखवलं. आमचे सांगाडे तेच करतात. त्यांनीही वाकून बघितलं, तिची पाठ थोपटली. मी मशीनवरून उठून आले, बघितलं, हसले. सगळे हसलो आम्ही. आजही रस्त्यानं चालताना ते हसणं आठवलं की मला धाप लागते.

तेव्हा एका थिएटरच्या खुर्च्यांचं मोठं काम आलं होतं. खुर्च्यांची रांग शटरबाहेर फुटपाथपर्यंत लागलेली. भिंगरीनं खिळे डाव्या गालातून उजव्या गालात घेतले आणि ठोकत राहिली. फोड काही बसेना. औषधाच्या दुकानातनं मलम आणलं, लावलं. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी ताकदीच्या गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनीही गुण येईना तेव्हा मी तिला दाताच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. त्यांनी आरशानं बघितलं, म्हणाले दाताची कड जिभेला घासतेय, आणि कड घासून गुळगुळीत करून दिली.

मी विचारलं, "दुसरं काही नाही ना?"

ते हसले. "अहो, या वयात?"

माझा जीव भांड्यात पडला. शिकलेला माणूस सांगतोय म्हटल्यावर आपण कोण? मोठ्या डिग्र्या भिंतीवर लावलेल्या होत्या. दादाला नावं ठेवणाऱ्यांनी आधी त्या भिंतीला नावं ठेवावीत.

मग ती चहा गार करून प्यायला लागली. एका बाजूनं चावायला लागली. डावा कान दुखतो म्हणायची. आणि हळूहळू बोलणं कमी झालं. गिऱ्हाईक यायचं, खुर्ची ठेवायचं, जायचं, आणि भिंगरी खाली मान घालून ठोकत असायची. ते मला बघवेना. कानदुखी मी सहन केली असती एखाद वेळेस, पण ही पोर गप्प? एका सकाळी मी मशीनवर कापड तसंच सोडलं आणि तिचा दंड धरून मोठ्या हॉस्पिटलात नेलं.

तिथल्या डॉक्टरबाई फार बोलणाऱ्या नव्हत्या. हातमोजा घालून त्यांनी फोड बोटानं दाबला आणि त्यांचा चेहरा बदलला. मी माणसांचे चेहरे बघत आले आहे, मला कळलं. बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट आला त्या दिवशी दादाही होता. बाईंनी सरळ सांगितलं, जिभेचा कॅन्सर आहे, फार वाढलेला नाही, जिभेचा तेवढा भाग काढून टाकायचा आणि लवकर काढायचा.

दादा म्हणाला, "मॅडम, तो खिळ्याचा घट्टा आहे."

त्यांना काही कळेना. मग मी सगळं सांगितलं, ओठ, हातोडी, लोहचुंबक. त्यांनी नीट ऐकून घेतलं. म्हणाल्या, "खिळ्यानं झालेली जखम असेल तर खिळे बंद केल्यावर दोन-तीन आठवड्यांत भरते. तुमची नाही ना भरली?"

"पण आम्ही खिळे बंद कुठे केले होते?" दादा म्हणाला.

आणि इथंच सगळं फसलं. बाईंनी समजावलं, तुकडा दुर्बिणीखाली बघितलाय, यात शंका नाही, थांबू नका. पण दादाला धागा सापडला होता. घरी येईपर्यंत त्यानं ठरवून टाकलं. खिळे बंद करायचे, महिनाभर बघायचं. जखम भरली तर पोरीची जीभ वाचली.

मी भांडले. अशी भांडले की वरच्या मजल्यावरची माणसं जिन्यात आली. म्हटलं, "अरे, त्यांनी मशीनखाली बघितलंय! तू काय टॉर्चनं बघणार?" पण एक माणूस म्हणतोय जीभ कापू आणि दुसरा म्हणतोय थांबू, तर एकोणीस वर्षांची पोर कुणाचं ऐकेल? ती बाबांच्या बाजूनं झाली. म्हणाली, "आत्या, एक महिन्यानं काय होतंय?" त्या दोघांपुढे मी हात टेकले.

आणि हा आजार कसा वैरी असतो बघा. खिळे थांबल्यावर तिचं दुखणं खरंच कमी झालं. दादा रोज सकाळी टॉर्च घेऊन बसायचा. "कमी झालंय. बघ ना, कड बसलीय." मला तेवढाच दिसायचा तो चट्टा, कदाचित जास्तच. मी तसं म्हटलं की दोघंही माझ्याकडे अशी बघायची, जसं काही मीच त्यांना आजार देतेय.

महिना पुरा व्हायच्या आत भिंगरी माझ्यापुढे येऊन उभी राहिली. जबड्याखाली बोट ठेवून म्हणाली, "आत्या, हे काय आहे गं?" मी हात लावला. सोफ्याच्या पाठीवर बटणं लावतो ना आपण, तेवढी गाठ. टणक.

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाल्या, आता जिभेचा अर्धा भाग जाईल, मानेतल्या गाठी काढाव्या लागतील, वर किरणं द्यावी लागतील. दादा भिंतीला टेकून उभा होता. मी बाईंच्या मागे मागे बाहेर गेले आणि विचारलं, "जगेल ना?"

त्या थांबल्या. म्हणाल्या, "तरुण आहे, ऑपरेशन झेपेल. पण आजार वय बघून सोडून देत नाही. म्हाताऱ्यांना जितका वाईट तितकाच तरुणांना. फरक एवढाच की तरुणांवर कुणाला संशय येत नाही, म्हणून ती आमच्याकडे उशिरा येतात. गाठीत उतरला की आशा निम्म्यावर येते. पहिली दोन वर्षं नीट गेली तर मी तुमच्याइतकीच खूश होईन."

निम्म्यावर! मी ते दादाला सांगितलं नाही, पण त्याला कळायचं तेवढं कळलं होतं. त्या दिवसापासून तो स्वतःशीच बोलायला लागला. "मीच केलं. मीच थांबवलं." जेवताना, जिना चढताना, कापड फाडताना. कुणी काही म्हटलं की मान हलवायचा.

ऑपरेशन दिवसभर चाललं. जीभ अर्धी काढली आणि तिच्या मनगटाची कातडी, आतल्या शिरेसकट, उचलून तिथं बसवली. मनगट उघडं पडलं म्हणून मांडीची कातडी काढून मनगटाला लावली. गळ्यात श्वासाची नळी, नाकात अन्नाची नळी, तोंड सुजून एवढं झालेलं. चौथ्या-पाचव्या दिवशी फोनवर टाइप करून तिनं मला दाखवलं, "जिभेला मनगटाचं कव्हर, मनगटाला मांडीचं. मांडीला विचारलं तर म्हणे माल संपला." मी हसले आणि तशीच बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पदर दाबून रडले.

त्या वॉर्डात सगळे तिच्या आजोबांच्या वयाचे. भेटायला येणारे आधी मला पेशंट समजायचे. खाटेवर ही दिसली की चेहरे पडायचे आणि मग तोच प्रश्न, काय खायची? भिंगरी टाइप करून दाखवायची, "खिळे." लोक कसनुसं हसून निघून जायचे.

मग किरणं. त्याबद्दल मी फार बोलत नाही. तोंड आतून भाजून निघालं, थुंकी गिळता येईना, मानेची कातडी काळी पडली. पोरीचं वजन असं उतरलं की तिचे कपडे मी दोनदा आत घेतले. एका रात्री माझी मांडी घट्ट धरून तिनं टाइप केलं, "मरू दे ना मला." मी फोन हिसकावून घेतला आणि म्हटलं, "परत असं लिहिलंस तर थोबाड फोडीन." थोबाड! काय बोलते आहे तेही मला सुचत नव्हतं.

नळ्या निघाल्यावर बोलणं शिकावं लागलं. एक ताई शिकवायला यायची. जिभेनं बोलायचे शब्द गिचमिड व्हायचे, ओठांचे सुटे यायचे. "आत्या" म्हणायला तिला महिने लागले, "बाबा" पहिल्याच दिवशी आलं. दादा तेव्हा खोलीतून बाहेर गेला आणि बराच वेळ आत आला नाही. तिचं बोलणं मी इथं सरळ सांगतेय, पण ते कसं यायचं ते मलाच ठाऊक. परक्याला चार वेळा विचारावं लागायचं. गिऱ्हाईक आलं की ती मागे स्पंजाच्या आड जाऊन बसायची.

दुकानात आता खिळ्यांचा डबा नव्हता. दादानं तो नाल्यात ओतला आणि नाक मुरडायचा तीच पिनांची बंदूक घेऊन आला. भिंगरीला घट्ट काही खाता यायचं नाही, सगळं मिक्सरमधून काढून द्यायचं. तर हा बाबाही आपलं ताट मिक्सरमध्ये ओतायचा. मी म्हटलं, "अरे, तुझे दात शाबूत आहेत!" म्हणाला, "असू देत." मिक्सरच्या त्या करड्या लगद्यावर माझा भाऊ वर्षभर जगला. गळ्याची हाडं वर आली. पूर्वी काम करताना सारखी शीळ घालायचा तो, ती बंद झाली. माझ्या घरात दोन पेशंट होते आणि दुसऱ्याला कुठला डॉक्टर नव्हता.

तपासण्या होत राहिल्या. दर वेळी आदल्या दिवसापासून आमच्या तिघांच्या तोंडची चव जायची आणि दर वेळी डॉक्टरबाई म्हणायच्या, सध्या ठीक आहे. असं वर्ष सरलं. एक दिवस भिंगरीनं पावाचा तुकडा चावून गिळला, आख्खा, पाण्याशिवाय. दादानं तिच्याकडे बघितलं, मग स्वतः एक तुकडा तोडला. दुसऱ्या दिवशी मी मशीन चालवत होते आणि मला शीळ ऐकू आली. मी पाय थांबवला. दादा खुर्चीवर वाकलेला, हातात बंदूक, आणि शीळ घालतोय. आधी बेसूर, मग सुरात. मी भिंगरीकडे बघितलं तर ती स्पंज कापायचं सोडून त्याच्याकडे बघत होती. मला वाटलं, सुटलो आपण.

त्यानंतर दोनेक महिन्यांची गोष्ट. रस्त्यात लोक तिच्या मानेवरच्या शिवणीकडे टक लावून बघायचे, म्हणून मी तिला उंच कॉलरचा शर्ट शिवायचं ठरवलं. दादा माल आणायला गेला होता. मी टेप तिच्या मानेभोवती टाकली, सैल राहावं म्हणून आत बोट घातलं, आणि बोट अडलं. उजव्या बाजूला. चांगल्या बाजूला. मी परत चाचपलं. तिनं माझं मनगट धरलं.

"माहितीये," ती म्हणाली.

"काय माहितीये? कधीपासून?"

"बाबा शीळ घालायला लागले त्या आठवड्यापासून."

मला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा माझा हात उठला. देवाशपथ सांगते, मी तिला मारणार होते. तो हात मशीनवर आपटला आणि सुईची दांडी वाकली. "दोन महिने! अगं सटवे, मागे महिनाभर थांबलो तर काय झालं ते बघितलंस ना? तुझ्याच तोंडात झालं ना ते?"

"बघितलं. म्हणूनच." ती सावकाश बोलत होती, एकेक शब्द लावत. "मला ते सगळं परत नको होतं, आत्या. आणि बाबा हसत होते. मागची तपासणी होऊन गेली होती, पुढची लांब होती. म्हटलं, तोवर हसू देत." मग खाली बघून म्हणाली, "आणि भीती वाटली. खरं म्हणजे भीतीच जास्त."

मी तिला जवळ ओढलं. दुसरं काय करणार? इतका राग आणि इतकी माया एकाच वेळी माझ्या अंगात कधी आली नव्हती. ती माझ्या खांद्यात तोंड खुपसून म्हणाली, "बाबांना सांगू नकोस, की मला आधी कळलं होतं. ते म्हणतील, त्यांच्यासाठी मी थांबले. तेही स्वतःवर घेतील."

मी कसलंही वचन दिलं नाही. मला वचनं सुचत नव्हती. दादा आला तेव्हा एवढंच म्हटलं, माप घेताना हाताला गाठ लागलीय, उद्या सकाळी निघायचं. त्याच्या हातातली स्पंजाची गुंडाळी तशीच राहिली. रात्रभर तिघंही जागे होतो आणि तिघंही झोपेचं सोंग करत होतो.

डॉक्टरबाईंनी तिला एकटीला आत घेऊन तपासलं. नंतर फोटो झाले, तपासण्या झाल्या, पुढचे काही दिवस त्याच बाकावर गेले. मग आम्हा तिघांना केबिनमध्ये बोलावलं. मी भिंगरीच्या एका बाजूला, दादा दुसऱ्या बाजूला. बाई म्हणाल्या की गाठ मानेतल्या मोठ्या शिरेला चिकटली आहे, छातीतही डाग दिसतायत. आता ऑपरेशनचा उपयोग नाही. औषधांनी थोडे महिने मिळतील, दुखणं आवाक्यात ठेवता येईल. "बरं करता येणार नाही," असं त्यांनी स्पष्ट सांगितलं, आणि भिंगरीकडे बघून सांगितलं. भिंगरीनं मान हलवली.

मी टेबलाची कड धरून बसले होते. माझ्या डोक्यात एकच चाललेलं, एकवीस वर्षांची आहे, एकवीस वर्षांची आहे.

दादानं घसा साफ केला. "मॅडम, एक विचारू?" त्याचा आवाज इतका बारीक झाला होता. "या वेळी तरी आम्ही उशीर नाही ना केला? माझ्या बहिणीच्या हाताला गाठ लागली आणि आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी तुमच्या दारात होतो."

डॉक्टरबाईंनी भिंगरीकडे बघितलं. त्यांना ठाऊक होतं, तपासताना त्यांनी विचारलंच असणार. भिंगरीनं त्यांच्यावरची नजर काढली नाही. बाईंनी तोंड उघडलं आणि मी त्यांच्या आधी बोलले.

"नाही रे दादा. माप घेताना हाताला गाठ लागली आणि आलो आपण. याहून लवकर कोण येतं?"

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "हो," म्हणाल्या. "तुम्ही लगेच आलात. आजारच घाईत होता."

दादानं डोळे मिटले आणि श्वास सोडला. त्याची मुलगी जगणार नाही असं ज्या खोलीत आत्ताच सांगितलं होतं, त्याच खोलीत माझ्या भावाच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. मी ते बघितलं. त्यानं चाचपडत भिंगरीचा हात घेतला, तोच, मनगटावर मांडीची कातडी लावलेला.

"ऐकलंस ना पोरी?" तो म्हणाला. "या वेळी आपण काही चुकलो नाही."

"नाही, बाबा," भिंगरी म्हणाली.